पाच हजार वॅटचं समाधान

स्वस्तातला स्टीरिओ ॲम्प्लिफायर घेणाऱ्या ग्राहकाइतका निःपक्षपाती परीक्षक शोधून सापडणार नाही. ‘पॅकिंग उत्तम. अजून लावून पाहिलेला नाही. पाच तारे.’ ऐकून मत बनवलं की कानांचे पूर्वग्रह आड येतात. या मंडळींनी तो धोकाच ठेवलेला नाही. दुसरे एक गृहस्थ सांगतात, ‘बेस एवढा जबरदस्त, की वरच्या मजल्यावरचे काका खाली आले.’ याहून वस्तुनिष्ठ मोजमाप कुठल्या प्रयोगशाळेत होतं? एकानेच कुरकुर केली, आवाज वाढवला की गाणं फाटतं म्हणून. त्याला बाकीच्यांनी समजावलं: वाढवू नका.

खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘५००० वॅट पीएमपीओ’. घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट निघतात; उरलेले हा डबा स्वकष्टाने कमावतो. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट, म्हणजे असे ३ लाख ९२ हजार डबे. ते सरकारने घरोघरी वाटावेत आणि धरणाचं पाणी खुशाल दुष्काळी भागाकडे वळवावं.

डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘वीजवापर ४० वॅट’ असंही छापलंय. तेवढं कोणी वाचू नये, ही नम्र विनंती.