बत्तिशीचा मालवण दौरा

पुण्याहून मालवणला निघालेली मराठी कुटुंबाची गाडी डिझेलपेक्षा खाऊवर जास्त चालते. आमच्या गाडीत कात्रजच्या बोगद्यात शिरायच्या आतच आत्याने चिवड्याचा डबा उघडला. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारला आणि फोंडा घाटात पोटात ढवळू नये म्हणून काकांनी लिमलेटच्या गोळ्या काढल्या. या सगळ्या सुखात एकच विघ्न होतं: आमची भाची. ती नुकतीच दातांची डॉक्टर झाली होती आणि कोणी जांभई दिली तरी वाकून दाढा बघत होती.

“आजोबा, लिमलेट नको.”

“अगं, एवढीशी तर गोळी!”

“एवढीशी गोळी तोंडात किती वेळ घोळते! तेवढा वेळ जंतू साखर खाऊन आम्ल तयार करत बसतात आणि लाळेला दात सावरायला उसंतच मिळत नाही. त्यापेक्षा पेढे खा, हवे तर चार खा, पण एकदाच काय ते खा.”

काकांनी तिच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी असा सल्ला त्यांना कधीच दिला नव्हता.

मालवणच्या बाजारात खाजं घेतलं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या आणि वर गूळ-आल्याचा पाक. दिसायला गरीब, पण पाक एकदा दाढेत शिरला की पागडीच्या भाडेकरूसारखा हलत नाही. आत्याने मोठ्या हौसेने तुकडा तोडला आणि दाढेवरची कॅप खाज्याला चिकटून बाहेर आली. काका लगेच फेव्हिक्विक आणायला निघाले. भाचीने त्यांना दारातच अडवलं. कॅप धुऊन डबीत ठेवायची, त्या बाजूने चावायचं नाही आणि लवकरात लवकर दवाखाना गाठायचा, असा हुकूम सुटला. कुंकवाच्या रिकाम्या डबीत कॅप विराजमान झाली.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर काका कोकम सरबताचा एकच पेला दुपारभर पुरवून पुरवून पीत होते. काकू शिस्तीच्या, त्या प्रत्येक पेल्यानंतर ब्रश घेऊन मोरीकडे धावत. भाचीने कपाळाला हात लावला. दातांवरचं एनॅमल म्हणजे शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली उतरला की तेही विरघळू लागतं आणि झिजलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही. आंबटाने मऊ पडलेल्या थरावर लगेच ब्रश फिरवला की तो आणखी झिजतो. म्हणून आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि ब्रशला अर्धा तास तरी हात लावायचा नाही. सोलकढीला मात्र जेवणाबरोबर पूर्ण मुभा मिळाली.

चुलतभावाचे चिरंजीव काजूची बी दातांनी फोडायला गेले. त्यांना उपदेशाची गरज पडली नाही. टरफलातल्या तेलाने ओठ असे भाजले की दोन्ही वेळा मऊ भातच जेवावा लागला.

रात्री गप्पा रंगल्या, आइस्क्रीम झालं आणि सगळे तसेच आडवे होऊ लागले. भाचीने दिवा लावला. झोपेत लाळ कमी सुटते, तेव्हा रात्रीचा ब्रश, तोही फ्लोराइडच्या पेस्टने, चुकवायचा नाही म्हणाली. सगळे निमूटपणे रांगेत उभे राहिले.

तर मंडळी, कोकणात जाल तेव्हा पोटभर खा, पण पानावर बसून खा. गाडीत दिवसभर चरत राहू नका. मधल्या वेळी तहान लागली तर पाणी प्या. आणि सोबत दातांचा डॉक्टर असेल तर त्याला ड्रायव्हरशेजारी बसवा, म्हणजे डबे त्याच्या पाठीमागे उघडता येतात.