पोटभाडेकरू

माझं लहानपण वाड्यात गेलं, त्यामुळे पोटभाडेकरू म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मालकाच्या वहीत त्याचं नाव नसतं, पत्रं 'द्वारा अमुक' अशी येतात, आणि नळाला पाणी आलं की पहिली बादली मात्र त्याची असते. माझा लॅपटॉप उतारवयात असा एक पोटभाडेकरू घरात घेईल, हे काही ध्यानीमनी नव्हतं.

झालं असं, की २००९च्या दिवाळीत मेव्हण्याने आमच्या चिरंजीवांना एक्सबॉक्स ३६० घेऊन दिला. मामाचं काय, तो देतो आणि आपल्या घरी जातो. चिरंजीवांना मित्रांशी ऑनलाइन फुटबॉल खेळायचा होता. डब्याच्या पाठीला तारेची खाच होती, वाय-फाय नव्हतं. ते हवं तर वेगळं ॲडॉप्टर घ्या. वाय-फाय पोटात असलेलं मॉडेल पुढच्याच वर्षी जूनमध्ये निघालं. आमच्या घरात कुठलीही वस्तू तिची सुधारित आवृत्ती निघायच्या सहा-आठ महिने आधी येते.

राउटर बाहेर फोनपाशी, टीव्ही आतल्या खोलीत. मधून तार ओढायचा प्रस्ताव हिने एका वाक्यात निकालात काढला, "ओढा की, मी टॉवेल वाळत घालीन त्याच्यावर."

"बाबा, तुझ्या लॅपटॉपला वाय-फाय आहे ना? मग तोच ठेवू मधे," चिरंजीव म्हणाले.

विंडोजमध्ये ही सोय १९९९ साली, विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. लॅपटॉपने हवेतून इंटरनेट घ्यायचं आणि तारेतून डब्याला द्यायचं. बाहेरच्या जगाच्या लेखी डबा नाहीच. टपाल सगळं लॅपटॉपच्या नावावर यायचं आणि आत आल्यावर 'हे माझं, हे त्याचं' अशी वाटणी व्हायची. वाड्यातल्या जिन्याखाली हेच चालायचं.

तार आणायला तपकीर गल्लीत गेलो. "स्ट्रेट का क्रॉस?" दुकानदाराने विचारलं. मी म्हणालो, "चांगली द्या." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि क्रॉस दिली. दोन यंत्रं थेट जोडायला पूर्वी क्रॉस लागायची, हल्लीच्या बऱ्याच यंत्रांना दोन्ही चालतात, हे त्याने पैसे गल्ल्यात टाकल्यावर सांगितलं.

घरी आल्यावर एका खिडकीत दोन जोडण्या दिसल्या, एक बिनतारी, एक तारेची. जिच्यात इंटरनेट आहे तिच्यावर 'शेअरिंग'ची खूण करायची. मी तारेवर केली. म्हणजे कोरड्या टाकीला सांगितलं, शेजाऱ्यांना पाणी सोड. बराच वेळ काही घडेना. डब्याने शेवटी १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दाखवला. कुणीच पत्ता देत नाही म्हटल्यावर यंत्र आपल्या मनाने असा एक घेतं. स्टेशनच्या बाकावर पथारी टाकावी तसा. चिरंजीवांनी माझ्या हातातून माउस घेतला, खूण काढून योग्य जागी केली, आणि डब्याला १९२.१६८.१३७ने सुरू होणारा पत्ता मिळाला. लॅपटॉपने स्वतःकडे त्यातला १ नंबर ठेवला होता. मालक झाल्यावर कोण दुसरा नंबर घेईल?

तरी एक तिढा राहिलाच. पडद्यावर 'नॅट : स्ट्रिक्ट' असं आलं, आणि कोथरूडच्या मित्राचा आवाज काही ऐकू येईना. आमचा राउटर स्वतःच एका पत्त्यावर सगळं घर पोसत होता. त्याच्या पोटात लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या पोटात डबा. पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू. बाहेरून हाक आली, की पहिल्याच दारात उत्तर मिळायचं, "असं कुणी इथे राहत नाही." शेवटी हे दोघे फोनवर बोलत खेळायचे. फोनचं बिल भरणाऱ्याला यातला विनोद कळायला महिना लागला.

लॅपटॉप आता टीव्हीशेजारी स्टुलावर कायमचा बसला. माझी पत्रं, माझे हिशेब, सगळं त्याच्यासमोर उकिडवं बसून. त्याचं झाकण मिटलं की तो झोपे, आणि तो झोपला की सामना बंद. एकदा फडकं मारता मारता कामाच्या मावशींनी ते अलगद मिटलं. आतून अशी किंकाळी आली, की शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या होत्या, त्या साखर न मागताच परत गेल्या. गुरुवारी वीज गेली की टीव्ही, डबा, राउटर सगळे गप्प. बॅटरीवरचा लॅपटॉप मात्र, द्यायला काही नसताना, दिवा लावून बसलेला.

मग एक दिवस ऑफिसातला माझा संगणक बिघडला आणि मी घरचा लॅपटॉप नेला. भिंतीतली तार खोचली. इंटरनेट आलं नाही. म्हटलं, होईल सुरू, आणि चहाला गेलो.

परत येतो तो हिशेब खात्यात कल्लोळ. जो कुणी संगणक सुरू करी, त्याचं सगळं ठप्प. जुन्यांचं चालू होतं, सकाळी उशिरा येणाऱ्यांचं बंद. त्यामुळे साहेबांना सुरुवातीला ही शिस्तीची कारवाई वाटली. सिस्टिमवाला मुलगा टेबलाटेबलाखाली वाकत, प्रत्येक पडद्यावर काहीतरी वाचत, तारेचा माग काढत माझ्यापाशी आला. शेअरिंगची ती खूण मी काढलीच नव्हती. लॅपटॉपने सवयीने तारेवर दुकान मांडलं होतं आणि मागेल त्याला १९२.१६८.१३७चे पत्ते वाटत होता. हिशेब खात्यातली चार माणसं सकाळपासून माझ्याकडे पोटभाडेकरू म्हणून राहत होती.

मुलाने तार उपटली. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "सर, घरी कोणी गेम खेळतं का?"