कमी श्रमात जास्त घाट: नवशिक्या सायकलस्वारांसाठी सचित्र नसलेले मार्गदर्शन

नवशिक्यांनी आधी एक तत्त्व पाठ करावे: घाट पाय चढतात, पण किती चढले हे यंत्र ठरवते. म्हणूनच पुण्याहून सिंहगडावर चौघे सोबत गेले, तरी चढाईचे चार आकडे घेऊन परततात. त्यांतला सर्वांत मोठा आपला ठरावा यासाठी पुढील कृती करा.

१. स्वस्तातले यंत्र घ्या. ते उंची निव्वळ उपग्रहांवरून काढते. उपग्रह सगळे डोक्यावर. पायाखालचा एकही दिसत नाही. त्यामुळे आडव्या जागेपेक्षा उभ्या उंचीत चूक जास्त. सपाट रस्त्यावरही उंची वरखाली डोलते, आणि बेरीज फक्त वर जाण्याची होते. खाली आलेले कोणी वजा करत नाही.

२. ऐपत असेल तर दाबमापकवाले घ्या. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला, की ते स्वतःला नऊएक मीटर उंच समजते. आपल्याकडे दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. फरक साधारण तीन हेक्टोपास्कलचा. तेव्हा दहाला यंत्र सुरू करून टेबलावर ठेवा, जेवा, वामकुक्षी घ्या. चार वाजेपर्यंत पंचवीसेक मीटर चढून झालेले असतील.

३. पावसात जरूर जा. दाब मोजण्याचे बारीक छिद्र पाण्याने किंवा घामाच्या मिठाने बुजले, की घाट कधी गायब होतो, तर कधी भिंतीसारखा उभा राहतो. छिद्र गोड्या पाण्याने धुऊन वाळवू नका. आकडा नीट येण्याचा धोका संभवतो.

४. घरी आल्यावर अ‍ॅपमध्ये ‘उंची दुरुस्त करा’ दाबा. मग तुमची उंची नकाशावरून घेतली जाते. अशा नकाशांचा एक मोठा आधार म्हणजे ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत रडारने केलेली मोजणी. तिच्यातले शेजारचे दोन ठिपके सुमारे ३० मीटर अंतरावर. घाटरस्ता डोंगराच्या कुशीतून जातो. जीपीएस थोडे बाजूला सरकले, की तुम्ही कड्यावर तरी असता, नाहीतर दरीत. कात्रजच्या बोगद्यात तुम्ही सरळ शिरता, नकाशा तुम्हाला डोंगरावरून नेतो. पुलावर तो नदीत उतरवून परत वर काढतो. ही सारी चढाई फुकट.

५. गाळणी पाहून अ‍ॅप निवडा. बारीक डोलणे वगळायला प्रत्येकाने आपली मर्यादा ठरवलेली असते. स्ट्राव्हा हे अ‍ॅप दाबमापकाची नोंद असेल तर २ मीटरांहून, नसेल तर १० मीटरांहून जास्त सलग चढ झाला तरच धरते. पाच-पाच मीटरांचे वीस चढउतार असलेल्या रस्त्यावर एकाला १०० मीटर मिळतील, शेजारच्याला शून्य. खोटे दोघेही बोलत नाहीत.

६. एवढे करूनही कोणी शंका घेतली, तर वाद घालू नका. सलग चढाचा हिशेब सोपा: माथ्याच्या उंचीतून पायथ्याची वजा करा. चढउतारांच्या रस्त्याला मात्र असा एकच खरा आकडा नसतो. जितके बारीक मोजाल तितका तो वाढतो. यंत्र तेच, रस्ता तोच, अ‍ॅपही तेच असेल, तरच आपल्या दोन फेऱ्यांची तुलना करा. दुसऱ्याच्या आकड्याशी करूच नका.