आदर्श गिऱ्हाईक हजर आहे

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असो की मोबाइलवरचं खरेदी-विक्रीचं ॲप, जुनी वस्तू विकायला काढणारा माणूस वस्तूबद्दल दीड ओळ लिहितो आणि गिऱ्हाइकाबद्दल सहा. डबल डोअर फ्रिज, चालू स्थितीत, बदली झाल्यामुळे विकणे आहे. इथे फ्रिज संपला. (जुनं सामान विकणाऱ्यांच्या बदल्या ज्या वेगाने होतात, तो वेग मंत्रालयालाही जमलेला नाही.) पुढे आचारसंहिता लागते. किंमत फिक्स. लास्ट प्राइस विचारू नये. आणखी फोटो मागू नयेत. टाइमपास करणाऱ्यांनी लांब राहावं. पाहायला यायचं असेल तर आधी टोकन पाठवावं. गॅस शेवटचा कधी भरला, दाराचं रबर सैल झालंय का, खालच्या ट्रेमध्ये पाणी साठतं का, याबद्दल मात्र कडकडीत मौन. हे नियम ओळीने वाचले की विक्रेत्यांना हवं असलेलं आदर्श गिऱ्हाईक डोळ्यांसमोर उभं राहतं: ते काही विचारत नाही, भाव करत नाही, वस्तू बघायला येत नाही आणि पैसे द्यायला उतावीळ असतं.

या मौनाला अडाणीपणा समजू नये, त्याला कायद्याचं पाठबळ आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १७ खाली, एक दुखणाईत घोडा बांधून ठेवलेला आहे. घोड्यात खोट आहे हे मालकाला ठाऊक आहे, तो काही न बोलता लिलावात घोडा विकतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. त्याच कलमाच्या आणखी एका उदाहरणात घेणारा विचारून ठेवतो की, तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. मालक पुन्हा गप्प. पण आता ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच ठरतं. घोडा तसाच, मालक तसाच, मध्ये फक्त घेणाऱ्याने तोंड उघडलं. पुढे १९३० चा वस्तुविक्री कायदा आला. त्याचंही साधारण म्हणणं असं की, मालाचा दर्जा घेणाऱ्याने पाहून घ्यावा. याला अपवाद आहेत, पण त्यातले महत्त्वाचे त्या मालाचा धंदा करणाऱ्यांना लागू होतात. घरातला एकुलता एक फ्रिज विकणारे काका त्यात सापडत नाहीत. तेव्हा घेणाऱ्याच्या हातात प्रश्न हे एकच हत्यार उरतं, आणि जाहिरातीतली आचारसंहिता नेमकं तेच दारात काढून ठेवायला सांगते.

यावर विक्रेत्यांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. आठ हजारांच्या वस्तूला दोन हजार देतो म्हणणारे असतात, रात्री अकराला 'अव्हेलेबल?' असं विचारून गायब होणारे असतात, रविवारी येतो सांगून कुठलाच रविवार न उजाडणारेही असतात. अशांसाठी नियम नकोत का? जरूर असावेत. पण घासाघीस आणि टाइमपास यांना एकाच दोरीने बांधण्यात घोटाळा आहे. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गिऱ्हाईक पाना हातात घेतं, त्याचा जबडा फिरवून बघतं, गंजावर नख मारतं आणि मग निम्म्या किमतीला मागतं. तिथे भाव करणं म्हणजे वस्तूची तपासणीच असते. फोटोवर नख मारता येत नाही, म्हणून माणूस प्रश्न विचारतो. तेही बंद केलं तर काय होतं, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन मांडलं. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि रडकी गाडी ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींच्या मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, तिचा मालक बाजारातून उठतो आणि उरतात रडक्या. या विचाराबद्दल २००१ साली अकरलॉफला नोबेलमध्ये वाटा मिळाला. आपल्याकडच्या जाहिरातदारांनी तोच सिद्धांत रोज स्वखर्चाने सिद्ध करून दाखवला, त्यांना साधं प्रशस्तिपत्रकही नाही.

बरं, गप्प राहून विक्रेत्याचं तरी भलं होतं का? जुनी गाडी विकणाऱ्याला वाटतं, पैसे आले, चावी गेली, विषय संपला. आरटीओला तसं वाटत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं नाही तर कागदोपत्री मालक जुनाच राहतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. मध्ये अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावर आली. नाव कधी करून घेणार, एवढा प्रश्न घेणाऱ्याला टाकला असता तर! पण 'सिरियस बायर'ला असं काही विचारणं बरं दिसत नाही.

त्या आदर्श गिऱ्हाइकाचं म्हणाल, तर ते कधीच जन्माला आलंय आणि जाहिरात पडल्यावर काही वेळातच फोन करतं. बहुधा आपण लष्करात असल्याचं सांगतं. प्रोफाइलला गणवेशातला फोटोही असतो. त्याला सोफा न बघता पसंत पडतो. सांगाल ती किंमत कबूल. लास्ट प्राइस? छे, त्या वाटेला ते जातच नाही. उलट टोकन आत्ताच पाठवतो म्हणून एक क्यूआर कोड धाडतं: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही, हे आठ वेळा पिन टाकून भाजी घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणी घासाघीस न करता सोफा घेतोय या आनंदात ते आठवत नाही. नियमांत बसणारा एवढा सज्जन माणूस, त्याला उलट काय विचारायचं!

वस्तुविक्रीचा कायदा १९३० सालचा, आणि असं ऑनलाइन फसल्यावर लावायचा सरकारी नंबरही १९३०. योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा. फोन जितका लवकर लावाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडकवून ठेवता येण्याची आशा जास्त. तिथे मात्र प्रश्न फार विचारतात. किती रुपये, कोणत्या बँकेतून, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय, समोरच्याचा नंबर काय. त्या वेळी 'टाइमपास करू नका' असं त्यांना सुनावलेलं कोणाच्या ऐकिवात नाही.