एका डेसिबलची किंमत

आमच्या बारा बाय दहाच्या हॉलसाठी होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचं ठरलं आणि माझ्या मनात दोन पक्ष पडले. धाकटा पाच स्पीकर आणि एक सबवूफर सांभाळणारा, ८० वॅटचा. थोरला सात चॅनेलचा, १०० वॅटचा, डॉल्बी अ‍ॅटमॉसवाला. किंमत जवळजवळ दुप्पट. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, फरक जाणवेल." जाणवला. किमतीच्या चिठ्ठीवरच जाणवला.

८० वरून १०० वॅटवर गेलं, तर आवाज वाढतो जेमतेम एक डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा, तर साधारण दहापट वॅट लागतात. शिवाय ते १०० वॅट बहुधा दोनच चॅनेल चालवून मोजलेले असतात. सातही जण एकदम पंगतीला बसले की प्रत्येकाच्या वाट्याचा घास लहान होतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

राहिलं अ‍ॅटमॉस. २०१२ साली सिनेमागृहांत आलेलं हे तंत्र डोक्यावरून हेलिकॉप्टर गेल्याचा भास देतं. आमच्या डोक्यावर वरच्या मजल्यावरचा खलबत्ता रोज चालतो, तोही फुकट.

धाकट्याची बाजू मी स्वतःला तासभर पटवून दिली. मग थोरला घेऊन आलो.

आता आवाज जरा चढवला, की आतून हुकूम येतो, "हळू करा!" स्पीकर पाचच घेतलेत. उरलेली दोन चॅनेलं मागे रिकामी, पाहुण्यांच्या खोलीसारखी.