गोदेत न्हालेली येझदी

टू-स्ट्रोक इंजिनात हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. त्यामुळे होतं असं, की हे इंजिन आपल्याला कळतं अशी प्रत्येकाची समजूत असते. फोर-स्ट्रोक उघडलं की बघे मागं सरकतात, टू-स्ट्रोक उघडलं की पुढं सरकतात. त्यातून ते इंजिन पुरात बुडालेलं असेल, तर मंडप घालायचाच काय तो बाकी राहतो.

माझ्या मामाची येझदी ४ ऑगस्ट २०१९ ला बुडाली. रविवार होता, फ्रेंडशिप डे होता, आणि गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी गोदावरीच्या पात्रात मावत नव्हतं. नाशकात पूर क्युसेकमध्ये मोजायचं काम सरकारचं. बाकीचं गाव तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीवर मोजतं. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की लोक बघायला जातात, कमरेला लागलं की सराफ बाजारातली दुकानं रिकामी व्हायला लागतात. त्याहून वर चढलं की म्हातारीकोतारी नारोशंकराच्या मंदिरातल्या घंटेची चौकशी करतात. १७३९ च्या वसईच्या विजयातून आलेली ही घंटा. पाणी तिला टेकलं म्हणजे महापूर, हा जुना हिशेब. त्या रविवारी मारुतीच दिसेनासा झाला. मामाचा वाडा सराफ बाजाराच्या मागं. मामीनं धान्य, गाद्या, देव, सगळं माळ्यावर हलवलं. ‘येझदीपण चढवू या का?’ असं मामानं विचारलं म्हणतात. मामीनं उत्तर दिलं नाही, फक्त बघितलं.

ही येझदी साधीसुधी नव्हे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, २५० सीसीची, ऐंशीच्या दशकातली. किक आणि गिअर मिळून एकच दांडी. गाडी चालू झाली की तीच दांडी पुढं पाडायची आणि गिअर टाकायचे. तरुणपणी मामाला मातीतल्या रेसचं वेड लागलं होतं. त्यानं पुढचं मडगार्ड वर उचललं, रुंद हँडल बसवलं, बटण टायर चढवले आणि दोन्ही सायलेन्सरच्या पुंगळ्या काढून टाकल्या. याला आधार काय, असं विचारलं की तो घराण्याची वंशावळ सांगायचा. जावाची चेकोस्लोव्हाकियातली बहीण सीझेड. तिच्यावर बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ साली २५० सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला, आणि पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सनं १९६६ ते १९६८ लागोपाठ तीन वर्षं ५०० सीसीचं अजिंक्यपद घेतलं. मामाला त्याच वंशातल्या गाडीवर मिळालेलं बक्षीस म्हणजे स्टीलचा एक डबा, तोही उत्तेजनार्थ. मामी त्यात रवा ठेवते.

पूर ओसरल्यावर मामीच्या यादीत आधी भिंती होत्या, मग कपाटं, मग गणपती. येझदीचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागला, आणि तोवर गंजानं आपलं काम उरकून घेतलं. वाड्यात जागा नाही म्हणून टेम्पोत घालून ती इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली. टेम्पोचं फाळकं पडायच्या आतच पहिला सल्ला आला: ‘किक मारून बघा की!’

बुडालेल्या गाडीला काही करा, पण किक मारू नका. पेट्रोलची वाफ दाबली की दबते, पाणी दबत नाही. पिस्टनच्या माथ्यावर पाणी असताना जोर लावला तर वाकतो तो कनेक्टिंग रॉड. हे मामाला ठाऊक होतं, म्हणून तो गाडीशेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला. येणारा प्रत्येक माणूस बोलता बोलता एक पाय त्या दांडीकडं न्यायचाच. दूधवाला नेई, वॉचमन नेई, भाडेकरूंची पोरं तर दोन्ही पाय नेत.

नाशकात सल्लागारही पेशाप्रमाणं मिळतात. पहिल्या मजल्यावरचे काका ओझरच्या एचएएलमधून निवृत्त. ‘आम्ही मिग उडवलेत, ही काय चीज आहे,’ अशी त्यांची सुरुवात. मिगचा सांगाडा ओझरला व्हायचा आणि इंजिन ओडिशात कोरापूटला, ही बारीकशी गोष्ट मामानं त्यांच्या कानावर घातली. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि सांगाड्यावर सल्ला देऊन गेले. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या आजोबांनी इंजिनाकडं ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी भिजलेलं आरसी बुक ताब्यात घेतलं, पानापानात टीपकागद घालून, वर मंद इस्त्री फिरवून वाळवलं. ‘हा कागदच हलका,’ एवढंच म्हणाले. मामीचा भाऊ पिंपळगावचा द्राक्षबागाईतदार. कुठल्याही दुखण्यावर त्याचा उपाय एकच, फवारणी. फक्त या खेपेला मोरचुदाऐवजी डिझेल.

शेवटी मिस्त्री आला. तो बोलत नव्हता, हीच त्याची पात्रता.

टू-स्ट्रोकला पाणी बाधतं ते त्याच्या घडणीमुळं. फोर-स्ट्रोकच्या पोटात ऑइलचा साठा असतो. टू-स्ट्रोकचा क्रँक पेट्रोलात मिसळून आलेल्या ऑइलच्या थेंबांवर जगतो. हवा-पेट्रोल आधी खाली क्रँककेसमध्ये शिरतं, उतरणारा पिस्टन ते दाबतो आणि बाजूच्या पोर्टांतून ते वर जातं. ज्या वाटेनं पेट्रोल वर चढायचं, त्याच वाटेनं गोदावरी खाली उतरली होती. आत शिरायला तिला अडचण पडली नसणार. पुंगळ्या मामानंच काढून ठेवलेल्या. मिस्त्रीनं सायलेन्सर उलटे करून आपटले, तर गाळाबरोबर झेंडूच्या पाकळ्या आणि दर्भाची काडी बाहेर आली. मामीनं ते निर्माल्य उचललं, तुळशीत टाकलं आणि तेव्हापासून गाडीला पाय लावणं बंद केलं.

हेड निघालं. पिस्टनच्या माथ्यावर करडा गाळ वाळून बसला होता, त्याला भेगा गेलेल्या. मिस्त्रीनं कडेला नख घालून तो हळूच उचलला तेव्हा अख्खी चकती निघाली आणि तिच्या पोटावर पिस्टनवरच्या बाणाचा ठसा उलटा उमटलेला. पार्किंगमधली गर्दी क्षणभर गप्प झाली. मग एचएएलवाले काका म्हणाले, ‘आता किक मारायला हरकत नाही.’

रिंगा गंजून ब्लॉकला धरल्या होत्या. डिझेल ओतून ठेवायचं, सकाळी लाकडी ठोकळ्यावर हातोडीची एक थाप द्यायची, पुन्हा डिझेल. मधल्या वेळात ज्याला जे सुचेल ते तो त्यात ओतायचा प्रयत्न करी: खोबरेल, रॉकेल, कोला. मिस्त्री कुणालाच नाही म्हणाला नाही. फक्त प्लगच्या भोकात चिंधी कोंबून घरी जायला लागला. पिस्टन एकदाचा सुटला तो पैभर सरकून, आणि त्या पैभरावर अख्ख्या बिल्डिंगनं पेढे मागितले.

खरं दुखणं त्याखाली निघालं. क्रँककेसचे दोन भाग वेगळे केले तर बेअरिंगं खरखरत होती आणि बिग एंडच्या रोलरना गंजाचे खड्डे पडलेले. येझदीचा क्रँक दाबून जोडलेला असतो. रॉड बदलायचा तर प्रेसवर तो फोडायचा, नवी पिन घालून पुन्हा दाबायचा आणि दोन्ही चाकं एका रेषेत आणायची. मामा तो क्रँक गोधडीत गुंडाळून अंबडच्या एमआयडीसीत घेऊन गेला. तिथं मोटारींचे सुटे भाग हजारांनी निघतात. वर्कशॉपवाल्यानं गोधडी उघडली, मामाकडं पाहिलं आणि विचारलं, ‘एकच नग?’

काम मात्र त्यानं मन लावून केलं. डायल गेज लावला, क्रँक हातानं फिरवला, काटा हलला तिथं तांब्याच्या हातोडीनं एक टिचकी, पुन्हा गेज. ‘पॉइंट झिरो टू,’ तो म्हणाला. म्हणजे मिलिमीटरचे दोन शतांश. मामा आयुष्यभर ‘सुतात’ बोललेला माणूस. तो घरी येऊन दोन शतांशांविषयी इतकं बोलला, की मामीनं भाजीवाल्याकडं तेवढ्याच बारकाईनं कोथिंबीर मागायला सुरुवात केली. ब्लॉकला बोअरिंग करून फिफ्टी साइझचा पिस्टन बसवायचं ठरलं आणि २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. ब्लॉक अंबडला, पिस्टन मामाच्या उशाशी, गाडी आमच्या पार्किंगमध्ये. त्या काळात सल्ले फोनवर येत.

जोडणीत मिस्त्रीनं सगळ्यात जास्त वेळ घेतला तो ऑइल सीलना. क्रँककेसमध्ये हवा कुठूनही चोरून शिरली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि पुन्हा बसतो. सील घालताना त्यानं सगळ्यांना दहा फुटांवर उभं केलं. नंतर पेट्रोल. लिटरला ४० मिली टूटी ऑइल, ते मामानं खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून टाकलं, चार झाकणं. पाचवं ‘आजारी आहे म्हणून’.

आणि ज्या क्षणाची सगळी सोसायटी वाट पाहत होती ती किक मिस्त्रीनं मामाला मारायला लावली. गाडी खोकली. पुन्हा मारली, तशी ती सुरू झाली. गंजरोधक म्हणून आत ओतलेलं सगळं ऑइल पांढऱ्या धुराच्या रूपानं बाहेर पडलं. महापालिकेची डेंग्यूची धुरळणी आली अशा समजुतीनं तीन मजल्यांच्या खिडक्या धडाधड लागल्या. पुंगळ्या नसल्यामुळं आवाजाबद्दल कुणाचा गैरसमज झाला नाही.

गाडी चालू झाल्यावर मामाला तिची व्हिंटेज म्हणून नोंद करायची हुक्की आली. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली हवीत आणि मूळ रूपात मोठा फेरफार नको. गाडी चाळिशीतली, मडगार्ड आभाळाकडं. त्या कसोटीला मामा बसत होता, गाडी नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते सल्लागारांना. पार्किंग सुनं झालं. मग परवा मामेभावाची कोरी मोटारसायकल तिथंच बंद पडली आणि बातमी लागताच मंडळी पान्यांसकट हजर झाली. डॅशवर पिवळा दिवा लुकलुकत होता. इंजिनाभोवती प्लॅस्टिकची झाकणं, झाकणांना ओळखीच्या नसलेल्या आकाराचे स्क्रू. कंपनीचा मुलगा आला, त्यानं सीटखाली वायर खोचली आणि लॅपटॉप उघडला. एचएएलवाले काका, प्रेसवाले आजोबा, पिंपळगावचा बागाईतदार, सगळे त्या पडद्याकडं बघत उभे. मुलगा म्हणाला, ‘सेन्सर आहे. बदलावा लागेल.’ यावर फवारणी सुचवायची कुणाची छाती झाली नाही.

मामा गाडीला एक प्रदक्षिणा घालून आला. ‘हिला किक कुठंय?’

‘काका, आता किक देतच नाहीत. सेल्फ असतो.’

‘अरे, मग गाडी बंद पडल्यावर,’ मामानं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, ‘बाकीच्या माणसांनी करायचं काय?’