वसूलराव

पाळण्यात ठेवलेलं त्याचं नाव आता फक्त पेन्शनच्या पासबुकात उरलं आहे. आम्ही सगळे त्याला वसूलराव म्हणतो, तोंडावरही म्हणतो. त्याला राग येत नाही. फुकट मिळालेली पदवी परत कोण करणार!

वसूलराव कंजूष नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक तिथेच फसतात. कंजूष माणूस पैसा सोडत नाही. वसूलराव सोडतो, पण मग त्या गेलेल्या पैशाच्या पाठोपाठ स्वतः जातो. लग्नात तो आहेर सढळ हाताने करतो आणि पंगतीत जिलबीच्या ताटाकडे अशा नजरेने बघतो की ती नजर वधूपित्याला दिसू नये.

दत्तजयंतीच्या तीन-चार दिवस आधी साठी ओलांडलेले आम्ही सहा जण डोंबिवलीकर मालवणला निघालो. गाडी रात्रीची. वसूलरावाने खिडकी मागून घेतली आणि रात्रभर जागा राहिला. बाहेर मिट्ट काळोख. ‘झोप की रे आता,’ म्हटलं तर म्हणाला, ‘झोपायचं असतं तर खिडकी कशाला अडवली असती?’ करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातसुद्धा तो काचेला नाक लावून बसला होता. सकाळी कुडाळला उतरल्यावर आम्ही विचारलं, काय काय दिसलं? म्हणाला, ‘माझाच चेहरा. पण स्वच्छ दिसला.’

त्याच दिवशी सिंधुदुर्ग पाहिला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने किल्ल्यावर सोडलं आणि होडीवाल्याने तासाभरात परत यायला बजावलं. वसूलराव जागीच उभा राहून तोंडातल्या तोंडात आकडे मांडू लागला. किल्ला ४८ एकर, वेळ साठ मिनिटं. म्हणजे मिनिटाला ३२ गुंठे. तो धावतच सुटला. तटावर चढला, उतरला, शिवराजेश्वराला नमस्कार केला, तो मात्र सावकाश आणि मनापासून, आणि मग विहिरींकडे वळला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी नावं ऐकून क्षणभर खूश झाला, पण लगेच कपाळाला आठी पडली. ‘पंचामृताला दोन कमी. तूप आणि मध कुठाय?’ परत येताना होडीत बसल्यावर तटाकडे बघत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘१६६४ साली पाया, तीन वर्षांत काम पुरं, आणि भिंत अजून लाटा खात उभी आहे. याला म्हणतात वसूल.’ त्याच्या तोंडून यापेक्षा मोठा मुजरा निघणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवबागहून होडी ठरवली. किनाऱ्यावरच्या फलकावर आठ ‘पॉइंट’ लिहिले होते. ते त्याने डायरीत उतरवून घेतले, पुढे बरोबरची खूण करायला चौकोन आखले आणि तांडेलाला विचारलं, ‘डॉल्फिन नाही दिसले तर?’

तांडेल सत्तरीचा. अंगावर फाटकं बनियन आणि चेहऱ्यावर घाई नावालाही नाही. तो म्हणाला, ‘डॉल्फिन काय माझ्या गोठ्यातले नाय हत. इले तर इले.’

इले. निवतीच्या बाजूला पाण्यातून एक करडी पाठ वर आली, श्वास टाकला आणि बुडाली. मग पुन्हा एक. तांडेलाने इंजिन बंद केलं. आम्ही पाचही जण लहान पोरांसारखे ओरडत होतो. वसूलराव मोजत होता. अकरा झाल्यावर त्याने समाधानाने डायरी उघडली. इतक्यात आमच्यातला डॉक्टर म्हणाला, ‘अकरा कसले? दोनच आहेत, सारखे वर येतायत.’ वसूलरावाचा चेहरा बघवेना. अकराने भागायचं की दोनाने, यावर होडीत जो वाद झाला त्यात पुढच्या तीन पाठी कुणीच पाहिल्या नाहीत.

खुल्या समुद्रात होडी वरखाली व्हायला लागली तशी त्याला बोट लागली. रंग गेला, ओठ पांढरे पडले. पण सकाळी त्याने सात घावणे खाल्ले होते आणि न्याहारी खोलीच्या भाड्यात धरलेली होती. दोन्ही हातांनी होडीची कड धरून, डोळे मिटून त्याने ते सातही घावणे केवळ इच्छाशक्तीच्या जोरावर आत राखले. त्या दिवसापासून मला त्याच्याविषयी आदर आहे.

पुढे भोगवे झालं, कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम झाला. संगमाच्या चौकोनात खूण करायला तो तयार नव्हता. ‘नदी आधी पाहिली, समुद्रही पाहिला. आता दोन्ही एकत्र दाखवून तिसरा पॉइंट कसा होतो?’ तांडेलाने उत्तर दिलं नाही. बिडी पेटवली.

शेवटी त्सुनामी बेट. बेट कसलं, वाळूचा दांडा; भरतीत पाण्याखाली जातो, ओहोटीत पाठ उघडी टाकतो. पण २००४च्या त्सुनामीत वर आलं असं सांगतात आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. फलकावर इथे ‘एक तास’ लिहिलं होतं. चाळीस मिनिटं झाली तसा तांडेल म्हणाला, ‘सुकती लागली हा. चला बेगीन.’ वसूलरावाने घड्याळ दाखवलं. वीस मिनिटं बाकी होती. ती त्याने एकट्याने, बेटावर हाताची घडी घालून उभं राहून, पुरी केली.

परतीला नदीत शिरलो. कांदळवनाच्या कडेने पन्नास-साठ वाव गेलो असू नसू, होडीच्या बुडाखाली खर्रर्र आवाज झाला आणि आम्ही थांबलो. ढकलून पाहिलं, वल्ह्याने रेटून पाहिलं. पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून चाललं होतं. अडीच वाजले होते.

‘आता?’

‘आता काय? पाणी येतला. बसा गपचीप,’ म्हणून तांडेलाने पंचा तोंडावर ओढला आणि आडवा झाला.

डॉक्टरच्या बीपीची गोळी खोलीवर राहिली होती. बँकवाल्याच्या फोनला रेंज नव्हती. रात्रीच्या कोंबडी-वड्यांची ऑर्डर पाचच्या आत द्यायची होती. सगळे मिळून वसूलरावावर तुटून पडलो. वीस मिनिटं! तुझ्या वीस मिनिटांपायी! तो खाली मान घालून ऐकत होता. आमचा दम संपल्यावर हळूच पंच्याजवळ वाकून म्हणाला, ‘थांबल्याचे किती होतील?’

पंच्यातून आवाज आला, ‘थांबल्याचे पैसे नाय.’

सूर्य उगवताना समुद्राचा रंग बदलतो ना, तसा त्याचा चेहरा बदलला. ‘आणि पाणी कधी यायचं?’

‘आज तेरस. तेराची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता भरती पुरी. थयसून सहा तासांनी सुकी.’

‘तेरा पाऊण पावणेदहा!’ वसूलराव किंचाळलाच. पाऊणकी! दुसरीत असताना वडिलांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेली, पुढे साठ वर्षांत एकदाही कामी न आलेली पाऊणकी! पावणेदहाला भरती, म्हणजे चारच्या सुमारास तळ गाठणार, आणि अडीचला होतं तेवढं पाणी परत यायला साडेपाच. ‘तीन तास,’ तो म्हणाला, ‘आणि फुकट.’

त्याने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठावरच्या चिखलात उतरला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो, पण डायरीशिवाय कुठे उभा राहिलेला प्रथमच पाहत होतो. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले इवले खेकडे ती नांगी हलवत होते; तो उकिडवा बसून त्यांना हात हलवून उत्तर देत होता. तिवरांची श्वासमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून चिखलावर चालणारा हा प्राणी त्याने कधी पाहिला नव्हता. ‘अरे, निवतीचे पैसे घेतले,’ तो आम्हाला ओरडून सांगत होता, ‘आणि निवटी फुकट!’ ही कोटी त्याने चार वेळा केली. शेवटी आम्हीही एकेक करून खाली उतरलो. डॉक्टर सर्वांत आधी घसरला.

पाचपर्यंत नदीचं पाणी उलटं फिरलं होतं. पूर्वेला तेरशीचा चंद्र आधीच वर आलेला, पश्चिमेला सूर्य उतरत चाललेला. वसूलराव मधे उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता, मोजण्यासारखं काही नसल्यामुळे थोडा गोंधळलेला. साडेपाचला होडीच्या बुडाखाली पाणी आलं, ती हलली. तांडेल पंचा झटकून उठला. किनाऱ्याला लागताना काळोख पडत होता. कोंबडी-वडे अर्थातच मिळाले नाहीत; डाळ-भात मिळाला.

काल रात्री त्याचा फोन आला. समोर कालनिर्णय उघडलेलं असावं, पानं उलटल्याचा आवाज येत होता.

‘फाल्गुन शुद्ध त्रयोदशी मोकळी ठेव,’ म्हणाला, ‘होडी त्याचीच घेऊ. दुपारी दोनपर्यंत बेटावर पोचायचं फक्त. पुढची वीस मिनिटं मी बघतो.’